साडेचारची गाडी

बुध., १२ नोव्हें. सोलापूर

बॅग तिसऱ्यांदा भरली. कडक भाकरी सौ.ने जुन्या चादरीत गुंडाळून दिल्या, मोडू नयेत म्हणून. शेंगाचटणी तीन पिशव्या. गौरीची पाठपिशवी वेगळी. त्यात शिट्टी, पाटी, एक डोळा गेलेली बाहुली.

उद्या निघणे. शनि-रवि सिंगापूर दर्शन, रविवारी मी परत. गौरी तिथेच राहणार. दीड वर्षाची असताना मुलाने, महेशने, आमच्याकडे आणून ठेवली. तो आणि सून शिल्पा दोघेही नोकरीला, परक्या मुलखात पोर बघणार कोण. आता साडेसहाची झाली. जानेवारीपासून तिकडची शाळा. मधल्या काळात तिला तिथे भाऊ झालाय, नील, वय तीन. आजवर फोनवरच पाहिलेला.

सौ. गुडघ्यामुळे येत नाही. गुडघा खरा आहे, पण तेवढंच कारण नाही. मला म्हणाली, "रडवून येऊ नका. खेळात रमली की गुपचूप निघा. सगळे असंच करतात."

करतात खरं. महेश लहान असताना मीही ड्यूटीला असाच निघायचो, चपला हातात घेऊन.

शुक्र., १४. सिंगापूर

विमान वेळेवर. गौरी सगळा प्रवास झोपली, माझा हात मुंग्या येईपर्यंत तिच्या डोक्याखाली.

इथलं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. मी माझं बदललं नाही. एकतीस वर्षं एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होतो, याच घड्याळावर गाड्या सोडल्या. दोन दिवसांसाठी त्याचे कान कशाला पिळायचे? अडीच मिळवले की झालं.

विमानतळावर शिल्पा गुडघ्यांवर बसून हात पसरून होती. गौरी माझ्या पायामागे. "जा, आई आहे," म्हटल्यावर पुढे गेली आणि वाकून नमस्कार केला, घरी आलेल्या पाहुण्यांना करते तसा. शिल्पाच्या तोंडाकडे बघवलं नाही. महेश ट्रॉली ढकलत राहिला.

नीलने इंग्रजीत विचारलं, ही कोण. गौरीने उत्तरादाखल शिट्टी फुंकली. तो रडला. पाच मिनिटांनी शिट्टी त्याच्या तोंडात.

शनि., १५

महेशने फोनवर दोन दिवसांचं शेड्यूल बांधलंय. स्थळ, मिनिटं, पुढे कसं जायचं. कंट्रोलरचा मुलगा शोभतो. पण तीन वर्षांच्या पोराची शू त्यात धरलेली नाही, त्यामुळे पहिल्या तासातच गाडी चाळीस मिनिटं लेट.

तोंडातून पाणी सोडणारा सिंह पाहिला. कमरेखाली मासा. गर्दी फोटो काढत होती. गौरी बराच वेळ पाण्याकडे बघून, "आप्पा, ह्येचा नळ कुणी बंद करत न्हाई व्हय?" आमच्याकडे चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तेव्हा पोरीचं काही चुकलं नाही.

मोठा पाळणा: रांग बघून रद्द. पक्षी: धावत. चाळीस मिनिटांत इतके पक्षी, की कुठला कसा होता ते आठवत नाही. मग पाऊस. मग मेट्रो. मेट्रो आवडली. प्रत्येक स्टेशन आधी पुकारतात, दार लावण्याआधी पुन्हा बजावतात. गौरी प्रत्येक वेळी ऐकून मान डोलवायची. तिचा हा घरचाच खेळ. दिवाणावर सौ.च्या उश्या मांडते आणि "बार्शीला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागली हाय" असं खणखणीत पुकारते.

पाऊस थांबल्यावर बागेत चादर पसरून जेवलो. महेश लोकांकडे बघत होता, लोक आमच्याकडे बघत नव्हते. नीलने भाकरीचा तुकडा बिस्किटासारखा कुरतडला आणि आणखी मागितला. गौरी पोट भरलं की आजीसारखं कानडीत "साकु" म्हणते. संध्याकाळपर्यंत नीलही "साकु". शिल्पा हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा.

रात्री पोरं झोपल्यावर शिल्पाच बोलली. "आप्पा, उद्या तुम्ही निघताना मी दोघांना खाली झोपाळ्यावर नेते. तिचं लक्ष नसताना तुम्ही निघा. तुमच्यासमोर रडली ना, तर महिनाभर मला जवळ येऊ द्यायची नाही."

तिचं बरोबर आहे. पाच वर्षांनी पोर हाताला लागलीय, तिला उद्याची भीती वाटते. मी बरं म्हणालो.

पण पटेना. पुकारल्याशिवाय मी एक गाडी सोडली नाही कधी. एखादा प्रवासी चहाला गेलेला दिसला, तर दोनदा पुकारलं. ड्रायव्हर शिव्या द्यायचे.

रवि., १६. सकाळ

वेणी घालताना सांगून टाकलं. सौ.ला, शिल्पाला न विचारता.

"गौरी, आज साडेचारला आप्पांची गाडी."
"आन् माझी?"
"तू हितंच राहायचं. आईकडं, नीलकडं."
वेणी अर्धी असताना मान वळवली. "मी हितं, आन् तुमी तितं?"
"व्हय."
पुन्हा मान सरळ केली. मग, "पुकारणार का?"
"पुकारणार की."

रडली नाही. रिबीन घट्ट झाली म्हणाली. सैल केली. शिल्पाला अजून काही माहीत नाही. बोलून मोकळं वाटतंय.

रवि., १६. विमानतळ

तीन तास आधी या म्हणाले. येऊन बसलोय. झालं ते लिहून ठेवतो.

शेड्यूलप्रमाणे दुपारी नदीकाठ. बोटीत बसायचं होतं, पण नील झोपल्याने महेश त्याला खांद्यावर घेऊन फिरत होता. एका जुन्या इमारतीच्या मनोऱ्यावर गोल, काट्यांचं मोठं घड्याळ. गौरीला घड्याळ मीच शिकवलं, काट्यांचं. ती तिथे थांबली ती हलेना. शिल्पा आइस्क्रीम घेऊ म्हणाली. नको. माझी दोन बोटं धरून वर बघत उभी. हात घामेजलेला. मला वाटलं, पोरीला मनोरा आवडला.

मोठा काटा सहावर आला तेव्हा तिने बोटं इतकी आवळली की दुखली. डोळे मिटून घेतले. मग उघडून माझ्याकडे पाहिलं. मी होतोच. आणखी पाच मिनिटं थांबली. मग बोटं सोडली आणि आईकडे पळत सुटली.

"आई, आप्पांची गाडी रद्द झाली. साडेचार वाजून गेले की."

मनगटावर पाहिलं. माझ्या घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं.

सकाळी तिला मी सोलापूरची वेळ सांगितली होती. निघायचं होतं इथल्या सातला. अडीच मिळवायचे विसरलो. बार्शीच्या फलाटावर पंढरपूरची पाटी लावणाऱ्याला मी मेमो दिलेला आहे.

शिल्पाने माझ्याकडे पाहिलं. सकाळी मी काय केलं ते तिला तिथे कळलं. रागावली नाही. हळू म्हणाली, "आता राहू दे, आप्पा." महेशही, "खुशीत आहे ती. कशाला."

मग पोरीने दोन आइस्क्रीम खाल्ली. बोटीत बसली. पुलाखालून जाताना ओरडून घेतलं. नीलला पटापट मराठी शिकवायला लागली. शिल्पाच्या मांडीवर आपणहून जाऊन बसली. सगळ्या सहलीत तेवढा एकच तास खरा सहलीचा झाला, आणि तो माझ्या चुकीवर उभा होता.

घरी आल्यावर चार-पाच वेळा सांगायला तोंड उघडलं. चार-पाच वेळा तिने काहीतरी दाखवायला आणलं.

सातला शिल्पा दोघांना खाली घेऊन गेली. मी बॅग घेऊन मागच्या लिफ्टने. टॅक्सी झोपाळ्यांच्या बाजूनेच वळली. नीलला झोपाळ्यावर बसवून गौरी मागे उभी, तोंडाला मुठीचा माईक. पाठ माझ्याकडे. काच बंद होती, तरी काय पुकारते ते मला ठाऊक होतं.

काच खाली घेतली नाही. लाज वाटते.

मंगळ., १८. सोलापूर

काल पोचलो. सौ.ने दारातच विचारलं, "रडली का?"
"नाही."
"बरं केलंत." आणि आत जाऊन स्वतः रडली.

दिवाणावर उश्या रांगेत मांडलेल्या तशाच आहेत. दोघांपैकी कोणी उचलत नाही.

महेशचा निरोप: त्या संध्याकाळी वर आल्यावर तिने आप्पा कुठं विचारलं. शिल्पा म्हणाली, दुकानात गेलेत. गौरी दाराजवळ चप्पल स्टँडपाशी जाऊन बसली. जेवायला तिथेच वाढलं. जेवली. दुसऱ्या दिवशी विचारलंच नाही.

सौ. म्हणते, बघा, पोरं विसरतात. मला तसं वाटत नाही. जो प्रवासी चौकशीच्या खिडकीवर यायचा थांबतो, त्याने आपली आशा सोडलेली असते.

गुरु., २०

फोन केला. गौरी आली नाही. नील येऊन "साकु" म्हणाला आणि फोन चाटला. मागून शिल्पाचा आवाज, "गौरी, आप्पा आहेत, ये." पावलं ऐकू आली, लांब जाणारी.

शिल्पा म्हणाली, गौरी रात्री तिच्याजवळ झोपते आता. पाय अंगावर टाकून. मला बरं वाटलं, आणि वाईटही वाटलं. दोन्ही खरं आहे.

सौ.ला गाडी रद्दचं सगळं आज सांगितलं. ती शेंगा निवडत होती. सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "मीच म्हणाले होते गुपचूप निघा. पण तुम्ही सांगून मग गुपचूप निघालात. असं कोणी करत नाही."

रवि., २३

आज आली फोनवर. दोन वेण्या, शिल्पाने घातलेल्या. भांग वाकडा.

"आप्पा, गाडी रद्द न्हवती की."
"नव्हती."
"मग पुकारलं का न्हाई?"
म्हणालो, "चुकलं माझं."
रागावलेली दिसली नाही, तेच जास्त लागलं. मग म्हणाली, "म्या आईला सगळं इचारलं. तुमचं घड्याळ मागं हाय. आमचं पुढं."
"व्हय."
"मी सोलापूरला कवा येणार?"
"मे महिन्यात. सुट्टीला."
"किती वाजता?"

सवयीने मनगटाकडे पाहिलं. तोंड उघडणार तेवढ्यात तीच म्हणाली, "थांबा. हितल्या घड्याळात का तितल्या, ते पयलं सांगा."

मी सांगायच्या आत नीलने फोन ओढला. छत दिसलं, पंखा दिसला, बंद झाला.

सौ.ने स्वयंपाकघरातून विचारलं, काय म्हणाली. म्हटलं, वेळ विचारत होती.

"मग सांगायची की."