शेतातले नाकतोडे

शिरूर, गुरुवार, संध्याकाळ

आज सासऱ्यांवर ओरडले. लग्नाला अकरा वर्षं झाली, पहिल्यांदाच. माझ्या काचपेटीतल्या दोन बेडकांना मी घरी वाढवलेले किडे आणि खतातली गांडुळंच देते. आप्पांनी मला न विचारता सकाळी इनामगावच्या शेतातून बरणीभर नाकतोडे आणून टाकले. त्याच शेतात परवा औषध मारलेलं. दुपारी मोठा बेडूक उताणा पडला, मेला.

"आप्पा, तुम्हीच फवारलं होतं ना?"

"व्हय. पण नाकतोडे जित्ते होते की गं."

जिवंत होते म्हणजे चांगले? बरणीभर विषच ते. मी बरणी अंगणात आपटली.

आता आप्पा परसात गांडुळं उकरतायत, धाकट्या बेडकासाठी. मी खिडकीतून बघतेय. चहाला हाक मारायची वेळ झालीय. मारणार नाही.