कानातली बढती

ती. आत्या हिला,

तुझ्या भाचीचा वाकून (वाकलं की कपाळात ठणकतं, म्हणून बेताचंच वाकून) नमस्कार. तुझे गुडघे आता कुरकुरत नसतील अशी आशा आहे. इथे सगळ्यांचं ठीक चाललंय, माझ्या कानांचं सोडून.

माझं नाक कायमचं चोंदलेलं असतं हे तुला ठाऊक आहेच. आता कानांनीही संप पुकारलाय. बाबा म्हणतात, "एवढी पदवी घेतलीस आणि ऐकू येत नाही?" (घरातल्या पहिल्या पदवीधराने आजारी पडू नये, अशी त्यांची समजूत आहे.) कानाच्या डॉक्टरबाईंनी चित्र काढून समजावलं. आमच्या ग्रंथालयातली धूळ तशी निरुपद्रवी, पण माझी प्रतिकारशक्ती तिला शत्रू समजून लढत सुटते. त्या धुमश्चक्रीत नाकाभोवतीच्या पोकळ्या सुजतात, नाकाकडून कानाकडे जाणारी बारीक नळी बंद होते आणि पडद्यामागे पाणी साचतं. मग माणसं तोंडावर उशी धरून बोलल्यासारखी वाटतात.

तर सोमवारी ग्रंथपाल सरांनी आम्हाला देवघेवीच्या खिडकीपाशी बोलावलं आणि टाचणीला बढती मिळाल्याचं सांगितलं. टाचणी म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरची काडीपैलवान. आम्ही एकत्रच नोकरीला लागलो, एकाच डब्यात जेवतो. आत्या, खरं सांगते, माझा नुसता जळफळाट झाला. फिरत्या वाचनालयाची योजना मी लिहिली, सुट्टीच्या दिवशी येऊन फाटकी पुस्तकं मी चिकटवली, आणि बढती हिला! जिला एवढ्या धुळीत साधी शिंकही येत नाही. (तिचं ते कोरडं, सरळ नाकसुद्धा मला त्या दिवशी खुपलं.) पण तत्त्व म्हणजे तत्त्व. मनात काहीही असो, गुणांचं कौतुक व्हायलाच हवं. ती डोळे पुसत होती, मी ते आनंदाश्रू धरले आणि छोटंसं भाषणच केलं. हे तिलाच मिळायला हवं होतं, मी कधीची वाट बघत होते, आता तिने जराही उशीर करू नये. टाळ्याही मीच वाजवल्या. बाकी कुणी वाजवेना, तेव्हा मनात म्हटलं, काय जळकी माणसं आहेत.

टाचणी जवळ आली आणि मलाही ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "मी जातेय याचा एवढा आनंद झाला तुला?"

बढती नव्हती गं. बदली होती. तीही तुमच्या गावच्या शाखेत, जिथे तिच्या ओळखीचं कुत्रंही नाही. मी सूज, नळी, पाणी, सगळं सांगून पाहिलं. तिचे कान ठणठणीत असूनही तिने ऐकलं नाही. हल्ली ती पुस्तकबांधणीच्या खोलीत एकटी जेवते.

औषधाचा फवारा नाकात चालू आहे. काळजी नसावी.

तुझी,
भाची

ता. क. तुझी माडीवरची खोली रिकामी आहे ना? टाचणीला देशील? मी तिला परस्पर कबूल करून बसले आहे. ती म्हणाली, "तुझ्या आत्याचं उत्तर येऊ दे, मग बोलू." तेव्हा लवकर लिही.

आणखी एक. पोर गुणी आहे, तुझे गुडघेही चोळून देईल. तिचे हवे तेवढे लाड कर, फक्त मला म्हणतेस तसं तिला 'चिमणे' म्हणू नकोस. मला इथवर ऐकू येईल.