जिवाणूंच्या वाटणीची साखर

ती. आईस,
नमस्कार, पण रागाने.

तब्येत ठणठणीत आहे, डोकं तेवढं फिरलंय. इंधन बनवणाऱ्या जिवाणूंचं गणित मी संगणकावर मांडते ना, त्यात त्यांना नुसतं जगायला लागणारी साखरही धरावी लागते. साहेबांनी ती परस्पर शून्य केली. कागदावर इंधन दुप्पट झालं, टाळ्या पडल्या. त्या हिशोबाने साखर दिल्यावर टाकीतले जिवाणू मात्र मेले, आणि खापर माझ्या माथी!

मी तोंडावर विचारलं, "उपाशीपोटी कोण राबेल, साहेब?"

संध्याकाळी ताईचा फोन. तू म्हणे सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खातेस, चक्कर आली तरी बोलत नाहीस. मग एकट्या साहेबांना काय बोल लावू? आपल्या घरात ते शून्य तू स्वतःच्या हाताने लिहितेस.

पत्र वाचलंस की पहिलं ताट स्वतःला वाढ. बाबा थांबतील.

तुझी चिडकी धाकटी