चांदणी गेली त्याची हकिगत

प्रिय आर्डिसताई,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. गुडघा कसा आहे? ऍरिझोनात नोव्हेंबरातही अंगणात बसून कॉफी पिता येते, हे तू लागोपाठ तीन पत्रांत कळवलंस. तिन्ही वेळा समजलं. इथे नेब्रास्कात काल वाऱ्याने शाळेच्या झेंड्याची दोरी तुटली आणि ती बांधायला शिडीवर कोण, तर मी, वय त्रेसष्ट, शाळेची कारकून. (मुख्याध्यापक दोन शाळांत मिळून एकच आहेत आणि ते कायम दुसऱ्या शाळेत असतात.) बाकी क्षेम. म्हणजे दमलेय, पण उभी आहे.

आपल्या शाळेचं नाव बुडाल्याचं तुझ्या कानावर आलंच असेल. आता खरं काय ते ऐक. तू इथे एकतीस वर्षं तिसरी शिकवलीस, पण तुझ्या वेळी हे निकालपत्रक नव्हतं. हल्ली सरकार दर वर्षी प्रत्येक शाळेची कुंडली मांडतं: किती टक्के मुलं पास, किती गोरी, किती इतर. मात्र वर्गात दहाच्या आत मुलं असली की आकड्याच्या जागी चांदणी छापतात, कुणाचं काय ते ओळखू येऊ नये म्हणून. आपल्या तिसरीचा पट कधी सात, कधी नऊ. त्यामुळे आठ वर्षं नुसती चांदणी. आणि गावाने काय अर्थ काढला? चांदणी म्हणजे उत्तम! तुझ्या ड्वेनने शाळा मंडळाचा अध्यक्ष झाल्या झाल्या गावाच्या तोंडाशी हा मोठा फलक लावला: 'चांदणीप्राप्त शाळा'. मी दोनदा समजावलं. "मावशी, तुला कशातच चांगलं दिसत नाही गं," म्हणाला. मग मीही गप्प बसले. खोटं कशाला बोलू, मलाही तो फलक आवडायला लागला होता.

गेल्या वर्षी ऑगस्टात ग्वाटेमालाचं एक कुटुंब डेअरीवर कामाला आलं. त्यांची यारेली तिसरीत बसली आणि पट नवाचा दहा झाला. एवढीशी पोर, पण वर्गाची दहा टक्के लोकसंख्या ती एकटी. (वंशाच्या रकान्यात मात्र सरकारने तिच्या जागी चांदणी छापली, ओळखू येऊ नये म्हणून. या गावात!) एप्रिलात गणिताची परीक्षा झाली. या महिन्यात निकाल लागला आणि चांदणीच्या जागी आकडा आला: चाळीस टक्के. दहांपैकी चार पास, सहा नापास.

रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीला एकच विषय. काल आलेली पोर, इंग्रजीचा गंध नाही, तिने शाळेला खाली ओढलं. एक मुलगी एकटीने सहा वेळा नापास कशी होते, हे विचारायचं माझ्या मनात आलं होतं, पण तोंडात दालचिनीचा रोल होता. शिवाय मला बोलायची बंदी आहे. घरोघर गेलेले मुलांच्या निकालाचे दहाही बंद लिफाफे मीच भरले. कोणात काय होतं ते मला पाठ आहे आणि एक अक्षर बोलले तर नोकरी जाईल.

पण स्वतःच्या नातवाबद्दल बोलायला कायद्याची ना नाही. म्हणून गेल्या सोमवारी शाळा मंडळाच्या सभेत मी उठले आणि म्हटलं, "आमचा कोल्बी नापास झालाय. सपशेल." मग बेकरीवाली जोलीन उठली, "आमचंही तेच." मग आणखी तिघं. झाले पाच. पास झालेल्यांपैकी तिघांचे कागद पहिल्याच दिवशी चर्चच्या फळ्यावर झळकले होते, ते वेगळंच. आता न बोललेली घरं दोनच उरली: यारेलीचं, आणि दुसरं.

मी यारेलीच्या बापाकडे, ओनेसिमोकडे, डेअरीवर गेले. (नवे बूट वाया गेले.) म्हटलं, एकदा कागद दाखवून टाक, लोकांची तोंडं बंद होतील. तो गाईंना पाणी दाखवत होता. म्हणाला, "बाई, आज दाखवला की दर वर्षी दाखवावा लागेल. बाकीच्यांकडे मागितलात का?" खरंच लाज वाटली गं.

ड्वेनने आता तोडगा काढलाय. यारेलीला बावीस मैलांवरच्या हॅडलीच्या शाळेत घालायचं. तिथे भाषेच्या वेगळ्या बाई आहेत, तिच्याच भल्याचं आहे म्हणतो. सकाळी सहाची बस. ती गेली की वर्गाचा, आता चौथीचा, पट पुन्हा नऊ, आणि चांदणी परत! येत्या सोमवारी संध्याकाळी सातला मतदान आहे. नऊ वर्षांची पोर, आत्ता कुठे तिला मैत्रीण मिळालीय. मला रात्रंदिवस दुसरं काही सुचत नाही.

असो. गुडघ्याला जप. पेकन सुकामेव्याचा डबा पोचला, आभारी आहे.

तुझी,
व्हर्ना

ता. क. कोल्बीला आता भागाकार येतो. रोज दुपारी यारेली आमच्या स्वयंपाकघरात बसून त्याला शिकवते आणि माझी बिस्किटं त्याच भागाकाराने संपतात. यावरून तिच्या निकालाबद्दल काही अनुमान काढू नकोस. मी काहीही सांगितलेलं नाही.

ता. क. २. ते दुसरं घर ड्वेनचं. त्याच वर्गातल्या तुझ्या नातवाचा, वेडचा, कागद ड्वेनच्या टेबलाच्या खणात आहे. त्यात काय आहे ते मी सांगू शकत नाही, पण आजीला नातवाचा निकाल विचारायला कोणत्या कायद्याची आडकाठी आहे? वजाबाकी तूच या गावाला शिकवलीस, ड्वेनलासुद्धा. त्याला फोन कर.

ता. क. ३. यारेलीच्या बदलीचा अर्ज मला छापून द्यायचाय. छपाईयंत्र बिघडलंय असं मी सांगितलंय. ते बिघडलेलं नाही. त्याची एक वायर माझ्या पर्समध्ये आहे. दुरुस्तीवाला सोमवारी दुपारी येतोय. फोन त्याच्या आधी कर.