कप्तानबाईचं हेल्मेट आणि तिसरी छत्री

दिनांक १४, मंगळवार

माझ्या विसरभोळ्या नातीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी तिसरी छत्रीसुद्धा माझ्याकडेच आहे. चौथी विसरलीस की मी दुकान टाकते. आजी कुठे ठेवलीस ते तरी आठवतंय ना? पत्र नेहमीप्रमाणे खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई लिहिताहेत. मी बोलते तसंच लिहा, असं त्यांना बजावलंय.

तुझी गोष्ट त्यांनी मला दोन बैठकांत वाचून दाखवली. कप्तानबाई आवडली. परक्या ग्रहावर उतरते, यंत्र बोंबलतंय की हवा तपासल्याशिवाय हेल्मेट काढू नका, आणि ही बया काढते! तुझे संपादक म्हणतात, एवढी हुशार बाई असला गाढवपणा करेल का? आणि तू मला विचारतेस, बदलू का?

अगं, मुळीच बदलू नकोस. तुझ्या संपादकांनी कधी कारखाना पाहिलेला दिसत नाही. बाटल्यांच्या कारखान्यात मी तीस वर्षं काढली. त्यातली बारा, मुलींच्या डोळ्यांवर चष्मे आहेत का ते बघण्यात. काच उडते, डोळा जातो, हे सगळ्यांना ठाऊक. तरी मी वळले की चष्मे कपाळावर. विचारलं तर, "मावशी, दोनच मिनिटं!" माहीत नव्हता म्हणून नियम मोडणारी एकही भेटली नाही.

शिंपीणबाई लिहायच्या थांबल्यात. म्हणताहेत, "आजी, आता सांगा. नाहीतर मी माझ्या मनाने लिहीन."

सांगते. तू माझ्या गळ्यात ते लाल बटण बांधून गेलीस, पडलीस तर दाब म्हणजे शिंपीणबाईंकडे घंटा वाजेल म्हणून. वर दम दिलास, एकदा जरी काढलंस तर उचलून माझ्याकडे नेईन. तर मागच्या गुरुवारी ते दाराजवळच्या खिळ्यावर होतं. कांदा चिरताना मध्ये मध्ये लोंबत होतं, हे एक. खरं म्हणजे, ते गळ्यात असलं की मी पडणारी म्हातारी असते. काढलं की नुसती कांदा चिरणारी बाई. दोनच मिनिटं म्हटलं.

ओल्या फरशीवर पाय सटकला. गुडघा ऐकेना. हाका मारल्या, पण खाली शिलाई मशीनचा धडधडाट. वर खिळ्याला बटण, खाली मी. तुझी कप्तानबाई आठवली आणि हसूच फुटलं बघ. मग सरपटत दारापर्यंत गेले. दाराआड तुझी छत्री होती. तिच्या वाकड्या मुठीने बटण खाली ओढलं आणि दाबलं. शिंपीणबाई गळ्यात टेप घेऊन तशाच धावत वर आल्या.

तेव्हा कप्तानबाईला हेल्मेट काढू दे. फक्त तिच्या यानात कुणीतरी विसरून गेलेली एखादी वस्तू असू दे.

मला न्यायला येऊ नकोस. बटण आता आंघोळीलाही काढत नाही, शिंपीणबाईंना विचार. दर रविवारी येऊन तपास हवं तर. छत्री मात्र इथेच राहील.

तुझी,
अजून आपल्या घरात, आपल्या पायांवर असलेली
आजी

ता. क. पुढचे दोन दात त्या दिवशी फरशीवरच राहिले. हे सांगणार नव्हते, पण लिहिल्याशिवाय शिंपीणबाई उठेनात. तेव्हा यंदा कडक बिस्किटं नकोत. केक पाठव, चांगला मऊ, आणि दोघींना पुरेल एवढा.