दक्षिण गेटची किल्ली

दाजी,

नमस्कार लिहायला हात उठंना. काल टीव्हीवर फुटबॉल स्पर्धेचे अध्यक्ष म्हणून तुम्ही म्हणालासा, "पब्लिकच बेशिस्त, म्हणून स्टेडियमात चार माणसं चेंगरून मेली." पोलीस तुमच्यावर ढकलत्यात, तुम्ही पब्लिकवर. किल्लीचं मात्र कुणीच बोलंना.

जिंकलेल्या तालमीचा गुलाल चौकातनं पुढं जाईपर्यंत हरलेल्या तालमीच्या पब्लिकला आत कोंडायचं, म्हंजे मारामारी होत न्हाय, ही आपली रीत. दक्षिण गेटवर मी होतो. "माझा फोन आल्याबिगर कुलूप काढायचं न्हाय," असं तुम्हीच बजावलासा. मग आत फटाक्यांची माळ फुटली आणि माणसं घाबरून जिन्यावरनं गेटवर आदळली. मी फोनवर फोन लावतोय आणि तुम्ही बाहेर गुलालात नाचताय! त्यो व्हिडिओ अख्ख्या गावानं बघितलाय. लाज कशी वाटत न्हाय वो?

अक्काच्या तोंडाकडं बघून मी गप हाय, असं घरात सांगतोय. खोटं हाय ते. मेलेल्या चौघांतल्या, माझ्या लेकीला शिकवणाऱ्या प्रसेनजीत मास्तरांनी गजातनं हात काढून माझी बाही धरलीती. "बाबासो, उघड की," म्हणाले. किल्ली माझ्या खिशात होती. मी म्हणलो, "थांबा मास्तर, दाजींचा फोन येऊ दे."

हे पत्र धाडणार न्हाय. वाचून तुम्ही आधी वकील गाठशीला. उद्या चौकशीत किल्ली टेबलावर ठेवणार आणि दोन नावं सांगणार. पहिलं माझं.

तुमच्या बायकोचा भाऊ,
बाबासो