बंद दुकानांचा अध्यक्ष

३ ऑक्टोबर
ठरलं. मुख्य रस्त्यावरची बंद दुकानं पुन्हा उघडायची. सुरुवात माझ्या घड्याळांच्या दुकानापासून, बाकीची मग आपोआप. समिती स्थापन केली. अध्यक्ष मी. सभासद शोधणे चालू.
बायकोला, रोसित्साला सांगितलं. म्हणाली, आधी न्हाणीघराचं दार उघडून दाखवा, उन्हाळ्यापासून अडकलंय.

४ ऑक्टोबर
मुलीला, इस्क्राला, जर्मनीत फोन. शेजारचं रिकामं दुकान तिच्या सलूनला किती झकास आहे ते पटवलं. म्हणाली, बाबा, त्या रस्त्यावर केस कुणाचे कापू, मांजरांचे? पण शेवटी कबूल झाली: एक दुकान उघडा, समोर माणसं उभी करून दाखवा, त्याच दिवशी सामान बांधते.
लेकीने शब्द दिलाय. ती परत येणार म्हणजे येणार. नाही आली तर मी या गावात कशासाठी जगतोय, कळत नाही. असो. नकारात्मक विचार बंद.

११ ऑक्टोबर
दुकानमालकांना फोन. एक माद्रिदला, एक शिकागोला, एक वारलेला. वारलेल्याचा मुलगा म्हणाला, काका, तुम्हीच घ्या ना विकत. प्रतिसाद एकूण उत्साहवर्धक.

१९ ऑक्टोबर
दुकानाचं शटर अर्धं वर गेलं. अर्ध्यावर अडकलं. वाकून आत जाता येतं. गिऱ्हाइकाला थोडा व्यायाम.

२३ ऑक्टोबर
उद्घाटन २ नोव्हेंबरला. कोपऱ्यावर टोपली घेऊन बसणारी फुलवाली डोन्का म्हणाली, ल्युबेनभाऊ, तो पितरांचा शनिवार, लोक स्मशानात जातील. म्हटलं, म्हणूनच. वर्षात त्याच दिवशी तर रस्त्यावर माणूस दिसतो. धंद्याची अक्कल लागते त्याला.

२८ ऑक्टोबर
पोस्टर छापायला पेंकोकडे. या रस्त्यावर तेवढंच एक दुकान चालू आहे. कुणी गेलं की फोटोसकट कागद छापून दारांवर, खांबांवर चिकटवतात ना, पेंको त्याच्यावर जगतो. त्याला माझा सुटातला फोटो दिला. मजकूर मोजका: घड्याळजी ल्युबेन. शनिवारी सकाळी अकराला दुकानापाशी. सर्वांनी यावे.
पेंकोने सवयीने भोवती काळी चौकट टाकली. म्हणाला, काढू का? म्हटलं, राहू दे, वजन येतं.

३० ऑक्टोबर
सगळ्या बंद दारांवर स्वतः चिकटवली. पावसात. घरी येऊन अंथरुणात. ताप.
रोसित्सा अक्रोड उतरवायला बहिणीच्या गावी. तिथे रेंज नाही. मी फोन बंद ठेवलाय. अध्यक्ष लगेच सापडला तर किंमत राहत नाही.

२ नोव्हेंबर
ताप उतरला. सूट घातला. कोपऱ्यावरून वळलो तर रस्ता भरलेला. डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांच्या हातात फुलं.
मग पाहिलं. कुणाकडे दोन, कुणाकडे चार. सम फुलं मेलेल्यांसाठी, जिवंत माणसाला कोण आणतं? एका म्हातारीच्या हातात मयताला वाटतात त्या उकडलेल्या गव्हाचा डबा. तिने मला पाहिलं आणि मटकन खाली बसली.
डोन्का म्हणाली, मेला नाहीस तर निदान कळवायचं तरी. सगळे स्मशानाकडे निघून गेले. कुणी मनगटावरचं घड्याळसुद्धा दुरुस्तीला काढलं नाही.
गर्दी ओसरल्यावर दुकानाच्या पायरीवर काळ्या कपड्यात इस्क्रा बसलेली. कुणीतरी तिला पोस्टरचा फोटो पाठवला होता. मला गच्च धरलं.
तरी नोंद करतो: मुलगी आली.

५ नोव्हेंबर
इस्क्राला शेजारचं दुकान दाखवलं. आरसा इथे, बेसिन तिथे. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हटलं, तू शब्द दिलायस, मी दुकान उघडलं, माणसं उभी केली. म्हणाली, बाबा, ती तुम्हाला पोचवायला आली होती. म्हणाली, अख्ख्या प्रवासात मी तुम्हाला पुरत आले, पुन्हा ते मला जमायचं नाही. तुम्ही दोघं चला माझ्याबरोबर.
मी आरशाची जागा पुन्हा मोजली. आकडा वेगळा आला. ताप राहिला असेल.

८ नोव्हेंबर
समितीची बैठक. हजर: मी. ठराव: अध्यक्षांनी जर्मनीत जाऊन भरलेल्या रस्त्यांचा अभ्यास करावा. हे गाव सोडणं नव्हे. वसंतात परत.
दुकानाची किल्ली पेंकोकडे द्यायला गेलो. म्हणाला, मीच माझी कुणाकडे द्यावी विचार करतोय, मुलगा मला राजधानीत बोलावतोय, सोफियाला.
रोसित्साने हिवाळी कोट भरले. उन्हाळी कपडेही भरले. मग भिंतीवरचे फोटो उतरवायला लागली. म्हटलं, अगं, एवढं कशाला, वसंतात येतोच आहोत.
ती हो म्हणाली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तिने माझ्याशी वाद घातला नाही.